सारखा झिजलेला तळ

बूटमास्तर हे नाव त्यांना दवाखान्यात पडलं, आणि तेही बावन्नाव्या वर्षी. त्याआधीची अठ्ठावीस वर्षं ते बाजारामागच्या गल्लीत एका अरुंद दुकानात बसून बूट शिवत. माणूस दारात आला की आधी त्याच्या पायांकडे बघायचं आणि मग चेहऱ्याकडे, अशी त्यांची सवय होती. बायको चारचौघांत सांगायची की आमच्या यांनी मला पायांवरूनच पसंत केलं, तोंड पुढे केव्हातरी पाहिलं. बूटमास्तर यावर नुसतं हसत, कारण त्यात खोटं फारसं नव्हतं.

मग कारखान्यातले तयार बूट आले, खोक्यात घालून, रंगीत कागदात गुंडाळून. मापं देऊन बूट शिवून घेणारी गिऱ्हाइकं एकेक करून गळाली, आणि उरली ती तुटलेला पट्टा घेऊन येणारी. दुकानाला कुलूप लावायचा विचार चालला होता, तेवढ्यात एका जुन्या गिऱ्हाइकाने सांगितलं की गावाबाहेरच्या कुष्ठरोगाच्या दवाखान्यात चपला करणारा माणूस हवा आहे. तिथे काही संशोधन सुरू होतंय म्हणे.

रोगाचं नाव ऐकून बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. बूटमास्तरही आतून धास्तावलेलेच होते. पण ते जाऊन आले. संशोधनाचं काम बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवून सगळं नीट सांगितलं. औषध सुरू झालं की रोग दुसऱ्याला लागत नाही, आणि ज्यांच्यासाठी चपला करायच्या ती माणसं तर बहुतेक बरी झालेली. मग अडचण काय, असं बूटमास्तरांनी विचारलं. त्या म्हणाल्या, रोग मरतो, पण त्याने जाता जाता मारलेल्या नसा परत जिवंत होत नाहीत. पाय बधिर राहतो. खडा टोचला, काच गेली, चटका बसला, काही कळत नाही. जखम वाढत जाते आणि एक दिवस पायच जातो.

बूटमास्तरांची भीती आठवड्यात गेली. बायकोची जायला दोन महिने लागले, आणि गेली तीही एका अटीवर. बाहेर कुणापाशी दवाखान्याचं नाव काढायचं नाही. मुलीचं लग्न व्हायचं होतं. कुणी विचारलंच तर बुटांच्या कंपनीत आहे म्हणून सांगायचं. "खोटं कुठे आहे त्यात? बूटच करता ना?" असं ती म्हणाली, आणि बूटमास्तरांनी मान डोलावली.

दवाखान्यातली त्यांची खोली लांबलचक ओट्याच्या टोकाला होती. एक मोठी खिडकी, शिलाईचं मशीन, घासायचं चाक, भिंतीवर लाकडी साच्यांची रांग. शेजारच्या खोलीत पायांची तपासणी चाले. रुग्णाने डोळे मिटायचे. तपासणारी बाई नायलॉनच्या दोऱ्याचं टोक तळव्याला लावायची, आणि लागलं की रुग्णाने "हो" म्हणायचं. पहिल्याच दिवशी बूटमास्तरांनी दारातून पाहिलं. चांगला धिप्पाड माणूस डोळे मिटून बसला होता. दोरा टाचेला लागला, अंगठ्याखाली लागला, मधे लागला. माणूस गप्प. बूटमास्तरांना वाटलं, डुलकी लागली की काय याला. मग लक्षात आलं तसे ते आपल्या खोलीत गेले, बूट काढून बसले आणि स्वतःचे तळवे कितीतरी वेळ चोळत राहिले.

त्यांना हातातलं काम पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. इथे खिळा वर्ज्य होता. जन्मभर तोंडात चार खिळे धरून काम केलेल्या माणसाला आता फक्त टाके आणि चिकटवायचं सोल्यूशन यांवर भागवायचं होतं. चुकून एखादी टाचणी पडली असेल या धास्तीने ते खोली स्वतः झाडत. काळ्या मऊ रबराचा जाड तळ, वरून दोन रुंद पट्टे, मागे टाचेला एक, अशी ती चप्पल असायची. पायाला ती गादीसारखी होती. दिसायला मात्र ट्रकच्या टायरमधून कापून काढल्यासारखी.

संशोधन असं होतं. पाहणीची माणसं आधीपासूनच घरोघर जाऊन अंगावरचे चट्टे तपासत, रोग सापडला की औषध सुरू होई. ज्यांचे तळवे बधिर झालेले आढळले अशा तीनशे जणांना या चपला द्यायच्या, दर सहा महिन्यांनी बदलून द्यायच्या, आणि महिन्यातून एकदा कुणीतरी घरी जाऊन पाय बघायचे. दोन वर्षांनी जखमा मोजायच्या. घरी जाण्याचं काम एका पोक्त बाईंकडे होतं. दवाखान्यात सगळे त्यांना पाहणीवाल्या बाई म्हणत. त्यांच्या हातातल्या कार्डावर एक ओळ होती: चपला वापरता का? आणि पुढे दोन चौकोन, हो आणि नाही.

घंटावाली ताई पहिल्या दोन महिन्यांतच आली. हे नाव तिला शाळेतल्या मुलांनी दिलं होतं. ती दुमजली शाळेत वर्ग झाडायची, पाणी भरायची आणि तासातासाला घंटा द्यायची. वय पस्तीस-छत्तीस. नवरा दुसऱ्या गावी गाडी चालवायचा, घरात म्हातारी सासू. दोन वर्षांपूर्वीच्या पाहणीत तिच्या पाठीवर चट्टा सापडला, तिला स्वतःला कधी न दिसलेला. वर्षभराच्या गोळ्या तिने एकही दिवस न चुकवता घेतल्या, पण पाकिटं पिठाच्या डब्यात लपवून. नवऱ्याला माहीत नव्हतं, सासूला नव्हतं, शाळेला तर नव्हतंच. रोग गेला. डावा तळवा मात्र गेला तो गेलाच.

बूटमास्तरांनी कागदावर तिचा पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, तेव्हा ती म्हणाली, "हा आता भाडेकरूसारखा झालाय, मास्तर. राहतो माझ्याच घरात, पण बोलत नाही."

बूटमास्तर मनापासून हसले. मग ती शाळेतल्या गमती सांगत बसली. कोण पोट दुखतंय म्हणून जिन्यात लपतो, कोणत्या गुरुजींना दुपारी डुलकी लागते आणि त्यांच्या वर्गासाठी ती घंटा जरा जोरात कशी देते. निघताना तिने ओट्यावर ठेवलेल्या तयार चपला पाहिल्या आणि विचारलं, "या अशाच असतात का सगळ्या?" बूटमास्तर म्हणाले, हो, रबर याच रंगात येतं. त्यांना वाटलं, रंगाचं विचारतेय.

सहा महिन्यांनी ती जुना जोड घेऊन बदलायला आली.

बूटमास्तरांना तळ वाचता यायचा. कुणी टाच बाहेरच्या अंगाने झिजवतो, कुणी अंगठ्याखाली खड्डा पाडतो, ओझं उचलणाऱ्याचा तळ मधोमध बसतो. दोन माणसांचे तळ कधी सारखे नसतात, आणि एका तळाच्या दोन बाजू तर मुळीच सारख्या नसतात. ताईने दिलेली चप्पल त्यांनी उलटी केली. तळ टाचेपासून अंगठ्यापर्यंत सगळीकडून एकसारखा झिजलेला होता. त्यावर बारीक ओरखडे होते, सगळे एकाच दिशेने गेलेले. पट्ट्यांना घडी पडलेली नव्हती. आत बोटांचे ठसे नव्हते. दगडावर बसून कुणीतरी ती चप्पल नीट, चिकाटीने घासली होती.

त्यांनी वर पाहिलं. ताई खिडकीबाहेर बघत होती.

नीट बसतात ना, असं त्यांनी विचारलं. छान बसतात, असं ती म्हणाली. काही त्रास? काही नाही. बूटमास्तरांनी जुना जोड टेबलाखालच्या पोत्यात टाकला आणि नवा तिच्या हातात दिला. तिने तो पिशवीत तळाशी घातला, वरून एक ओढणी घडी करून ठेवली, आणि गेली. त्या दिवशी तिने शाळेतलं काहीच सांगितलं नाही.

पाहणीवाल्या बाईंच्या कार्डावर दर महिन्याला "हो"च्या चौकोनात खूण होती. बूटमास्तरांनी मनाची समजूत घातली की बिचारीने लाज राखायला एवढा खटाटोप केला, तो आपण कशाला उघडा पाडावा? आपलं काम चपला करायचं, विचारपूस करायला दुसरी माणसं आहेत. पण खरं कारण आणखी खोल होतं आणि ते तिथे हात घालत नव्हते. त्याच आठवड्यात मेहुण्याच्या घरी कुणीतरी त्यांच्या नोकरीबद्दल विचारलं होतं, आणि त्यांनी कंपनीचं इतकं साग्रसंगीत वर्णन केलं होतं की तिथल्या साहेबाचा तापट स्वभावसुद्धा सांगून झाला होता. असा साहेब जगात कुठेच नव्हता.

पुढच्या महिन्यांत घासलेले तळ आणखी आले. काही तर घासायचीही तसदी न घेता आलेले, नवे कोरे. बूटमास्तर ते मुकाट्याने पोत्यात टाकत गेले.

चार महिने गेले असतील. एका सकाळी पाहणीवाल्या बाई खोलीच्या दारात आल्या आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. घंटावाली ताई दवाखान्यात भरती झाली होती. शाळेत ती घालायची त्या साध्या सँडलचा पट्टा तुटला होता, आणि तिने तो रस्त्यावर चपला दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून खिळा मारून घेतला होता. खिळ्याचं टोक चालता चालता वर आलं. ते पायात घेऊन ती दोन दिवस जिने चढली-उतरली. आपणच झाडलेल्या फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा तिला वाटलं, कुण्या मुलाला लागलं. मागे वळून बघितलं तर ठिपके तिच्याच पावलांबरोबर आलेले. तिने चिंधी बांधली आणि काम चालू ठेवलं. पाहणीवाल्या बाई महिन्याच्या भेटीला गेल्या तेव्हा ती मोजे घालून बसली होती. सर्दी झालीय, असं म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात ताप चढला, तोवर हाड सडलं होतं. गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

"माझ्यासमोर मोजे घालून बसली होती हो," पाहणीवाल्या बाई पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. "आणि मी काढ म्हटलं नाही."

बूटमास्तरांच्या खोलीपासून बायकांचा वॉर्ड चाळीस पावलांवर होता. ती चाळीस पावलं त्यांना आठ दिवस टाकता आली नाहीत. शेवटी कृत्रिम पायाच्या जोडीने चप्पल करायची म्हणून उरलेल्या पायाचं माप हवं, असा निरोप डॉक्टरीणबाईंनीच पाठवला. तेव्हा ते कागद-पेन्सिल घेऊन गेले.

ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. चादर गुडघ्यापुढे एका बाजूला सपाट पडलेली. बूटमास्तरांनी स्टूल ओढलं, कागद फळीवर लावला, तिचा उजवा पाय त्यावर ठेवला. पेन्सिल टाचेपाशी आली तेव्हा ती बोलली.

"मास्तर, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? चपला मी घासून आणल्या होत्या ते."

त्यांनी पेन्सिल थांबवली नाही. "हो."

"लगेच?"

"बघताक्षणी."

"मला वाटलंच. घासताना सारखं मनात यायचं, बाकी सगळे फसतील, पण मास्तर नाही फसायचे." तिने चादर गुडघ्यावर ओढून घेतली. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलं असतं," ती म्हणाली. "एक दिवस वाटलं असतं."

आवाजात राग नव्हता. असता तर बूटमास्तरांना सोपं गेलं असतं. कागदावरचा पाय पुरा झाला होता तरी ते खालीच बघत होते. मग त्यांनी तिला सांगितलं की आपणही बाहेर कुणाला हे ठिकाण सांगत नाही. नातेवाइकांना वाटतं, कुठल्याशा कंपनीत आहे. "तुम्हाला कोणत्या तोंडाने विचारणार होतो, ताई?"

मग तिने शाळेचं सांगितलं, जणू पूर्वीसारखी गंमतच सांगतेय. शाळेत आता सगळ्यांना कळलंच होतं. मुख्याध्यापक भेटायला आले होते, ते वॉर्डच्या दारातच उभे राहिले. बरं वाटेपर्यंत येऊ नका, पुढचं मग बघू, असं म्हणाले. "मग बघू म्हणजे काय ते मला कळतं, मास्तर. मधल्या सुट्टीनंतर पोरं आणखी खेळायला मागतात, तेव्हा मी पण हेच सांगते."

वॉर्डातून निघून बूटमास्तर सरळ खोलीत गेले, टेबलाखालचं पोतं ओढून काढलं आणि खांद्यावर टाकून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आत जाऊन त्यांनी जुन्या चपला जमिनीवर ओळीने मांडल्या. एकशे सहा जोड निघाले. झिजलेले एका बाजूला, न झिजलेले दुसऱ्या बाजूला, आणि घासून आणलेले मधे. घासलेले आणि कोरे मिळून एकेचाळीस भरले. कोणता तळ काय सांगतो ते त्यांनी एकेक जोड उचलून दाखवलं. डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठून खाली बसल्या. त्यांनी एक चप्पल हातात घेतली आणि कितीतरी वेळ खाली ठेवली नाही.

"हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

बूटमास्तर म्हणाले, हो.

त्या आणखी बोलल्या असत्या तरी त्यांनी ऐकून घेतलं असतं. पण त्या दुसऱ्यांदा तसं म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या की आपण प्रश्नच असा विचारला, की माणसाला हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पुढच्या आठवड्यापासून पाहणीवाल्या बाई घरोघर वेगळं विचारू लागल्या. तुमच्या गल्लीत बायका काय घालतात? कामावर काय चालतं? कुठल्या चपला घालून बाहेर पडायला लाज वाटणार नाही? बूटमास्तर बाजारात गेले आणि तपकिरी, लाल, बारीक पट्ट्याचे, वर फूल असलेले, पुरुषांचे कचेरीत घालायचे, असे साधे जोड घेऊन आले. त्यांनी ते टाका टाका उसवले, खिळे उपटले, आत मऊ रबर बसवलं आणि पुन्हा शिवले. जाडी लपवण्यात त्यांचे कितीक दिवस गेले. सहा महिन्यांनी जुने जोड परत यायला लागले ते खरेखुरे झिजलेले, कुणाची टाच गेलेली, कुणाचा अंगठा.

ताईचा कृत्रिम पाय तयार व्हायला तीन महिने लागले. कृत्रिम पावलालाही चप्पल लागतेच. बूटमास्तरांनी तिच्यासाठी शाळेतल्या शिक्षिका घालतात तशी तपकिरी सँडल केली, दोन्ही पायांची. ओट्यावर आधाराचे लोखंडी दांडे होते, त्यांच्यामधून ती चालत गेली आणि परत आली. मग मान खाली घालून दोन्ही पावलांकडे बघत उभी राहिली.

"कळून येत नाही," ती म्हणाली.

"नाही येत," बूटमास्तर म्हणाले.

"हेच जर..." एवढं म्हणून ती थांबली आणि दांडा धरून वळली. तिने ते वाक्य पुरं केलं नाही. बूटमास्तरांनी मात्र ते पुढे कितीतरी वर्षं मनातल्या मनात पुरं केलं, कधी मशीनवर बसून, कधी जेवताना.

शाळेने तिला परत घेतलं नाही. जिने आहेत, असं सांगितलं. नवरा एकदा येऊन गेला. सासू लेकीकडे राहायला गेली आणि ताई भावाच्या गावी. तिथून ती एकदा जोड बदलायला आली, उशिरा, घाईत. शाळेतलं सांगण्यासारखं आता काही नव्हतं, म्हणून दोघं पट्ट्याच्या बकलाबद्दल बोलली. त्यानंतर ती आली नाही. पाहणीवाल्या बाई दिवसभराचा प्रवास करून भावाच्या पत्त्यावर गेल्या, तर तिथे दुसरंच बिऱ्हाड होतं. त्यांनी कार्डावर "पत्ता लागत नाही" असं लिहिलं. शेरा लिहायला तेवढीच जागा होती.

दरम्यान बूटमास्तरांच्या मुलीचं लग्न झालं. एकदा तिच्या घरी सगळे जेवायला बसलेले असताना जावयाच्या काकांनी सहज विचारलं, तुम्ही नक्की कुठल्या कंपनीत? बूटमास्तरांनी हातातला घास खाली ठेवला आणि सांगितलं की मी कुष्ठरोगाच्या दवाखान्यात चपला करतो. बायको वाढत होती, तिचा हात तसाच थांबला. काका "असं होय" म्हणाले आणि थोड्या वेळाने रस्त्याच्या कामाविषयी बोलू लागले. जेवणं झाल्यावर मुलगी त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली. "बाबा, मी यांना ठरलं तेव्हाच सांगितलं होतं. हे म्हणाले, चांगलं काम आहे की." बूटमास्तर तिथल्या स्टुलावर बसले. मुलीला वाटलं, बाबांना बरं वाटलं. ती बाहेरची ताटं उचलायला गेली. ते तसेच बसून होते. जे बाहेर पडू नये म्हणून इतके दिवस तोंड मिटून ठेवलं, ते वाक्य इतकं हलकं होतं.

दोन वर्षांचं संशोधन वाढत वाढत तीन वर्षांवर गेलं, आणि मग अहवाल छापून आला. डॉक्टरीणबाईंनी बूटमास्तरांना बोलावून घेतलं आणि त्यातलं मुख्य ते समजावून सांगितलं. चारचौघांसारख्या दिसणाऱ्या चपला दिल्यावर जखमा जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या. नुसतं विचारून कळत नाही, तळ उलटा करून बघावा, असंही त्यात लिहिलं होतं. इतर दवाखान्यांनी नमुने मागवले होते. शेवटच्या पानावर आभार होते, तिथे पादत्राणे करणाऱ्या कारागिराचाही उल्लेख होता. त्या मनापासून सांगत होत्या, आणि बूटमास्तर ऐकत होते.

"ताई यात कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली, एका तक्त्यावर बोट ठेवलं. पाय गमावलेले, चार.

"यातल्या कोणत्या?"

"तसं नाही कळत, मास्तर. नुसता आकडा असतो."

बूटमास्तर त्या आकड्याकडे बघत राहिले. तो बारीक टाइपात होता आणि त्याच्या वर-खाली दुसरे बरेच आकडे होते. मग ते म्हणाले की सोल्यूशन लावून आलोय, सुकून जाईल, आणि उठले.

खोलीत आले तोवर ते सुकलंच होतं. त्यांनी रापीने ते खरवडून काढलं, तळ पुसला आणि पुन्हा लावायला घेतलं. ओट्यावर एक म्हातारा आणि त्याची सून नंबर लावून बसली होती. बूटमास्तरांनी त्यांना आत बोलावलं.